बुडाला खरा, पण पाण्यापर्यंत पोचला कसा?

जानेवारी २०२३ मध्ये दौंड तालुक्यातल्या पारगावजवळ भीमेच्या पात्रात आठवडाभरात सात मृतदेह सापडले. सातही जण एकाच घरातले: नवरा-बायको, त्यांची मुलगी, जावई आणि तीन लहान नातवंडे. मूळचे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले हे कुटुंब पोटामागे फिरत पारनेर तालुक्यातल्या निघोजला येऊन राहिले होते. पहिले चार मृतदेह हाती आले तेव्हा शवविच्छेदनातून बुडून मृत्यू असे पुढे आले, आणि घरातल्या एका प्रकरणाच्या बदनामीपायी सगळ्यांनी जीव दिला असावा असा तर्क सुरुवातीला मांडला गेला. २४ जानेवारीला तीन मुलांचे मृतदेह मिळाले. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी ही आत्महत्या नसून हत्या असल्याचे जाहीर केले आणि जवळच्या नातेवाइकांना अटक केली. कारण काय, तर एका आरोपीचा तरुण मुलगा काही महिन्यांपूर्वी अपघातात गेला होता आणि तो अपघात नव्हता, या कुटुंबातल्या मुलानेच त्याला मारले, असा बापाचा संशय होता, असे पोलिसांचे म्हणणे. आरोप शाबीत होणे न होणे हे न्यायालयाचे काम आहे. पण एवढे तरी या घटनेतून स्पष्ट दिसते की ‘बुडून मृत्यू’ हा निष्कर्ष वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असूनही घडलेल्या गोष्टीबद्दल तो काहीही सांगत नव्हता.

या प्रकरणाचा दाखला नेमका उलट बाजूनेही दिला जातो, आणि तो दाखला कमकुवत नाही. पोलिसांनी आठवड्याच्या आत छडा लावला, मग तक्रार कशाची? आहे ती यंत्रणा काम करते आहे, आणखी चौकशा, आणखी अधिकारी, आणखी कागद कशाला? दौंडच्या तपासाचे श्रेय पोलिसांना द्यायलाच हवे. पण तो तपास कशामुळे लागला याचा विचार करा. एकामागून एक सात देह पाण्यावर आले, त्यांत तीन पोरे होती, साऱ्या महाराष्ट्राचे डोळे त्या नदीकडे लागले. समजा, त्या पात्रातून एकच देह निघाला असता, एखाद्या एकट्या मजुराचा, ज्याला त्या हद्दीत ओळखणारे कोणी नाही. तर शवविच्छेदनाचा तोच निष्कर्ष त्याच्या फाइलीचा शेवट ठरला असता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात २०२२ साली बुडून मेलेल्यांची संख्या ३८ हजारांच्या वर होती आणि महाराष्ट्र त्यात वरच्या राज्यांत आहे. यातले बहुतेक मृत्यू खरोखरचे अपघात असणार, हे मी मान्य करूनच पुढे जातो. माझे म्हणणे एवढेच आहे की ते अपघात होते हे आपण तपासून म्हणत नाही, गृहीत धरून म्हणतो. आणि मेलेला माणूस परगावचा, फिरस्ता, पालावर राहणारा असेल तर हे गृहीत अधिकच घट्ट होते. म्हणून अशा मृत्यूची चौकशी एकट्या स्थानिक ठाण्यावर सोडता कामा नये. उपविभागीय दंडाधिकाऱ्याने ती स्वतः केली पाहिजे, नातेवाइकांना समोर बसवून. यासाठी नवा कायदाही लागत नाही.

आधी वैद्यकाची बाजू पाहू, कारण सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावर टाकला जातो. ‘पीएममध्ये आलंय ना बुडून, मग झालं’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते. नाकातोंडाशी आलेला बारीक फेस आणि फुगून छाती भरून टाकणारी फुप्फुसे पाहून डॉक्टर सांगू शकतो की माणूस पाण्यात गेला तेव्हा श्वास घेत होता. हातापायांच्या तळव्यांची सुरकुतलेली पांढरी कातडी तर तेवढेही सांगत नाही; देह पाण्यात बराच वेळ होता, इतकेच तिच्यावरून कळते. हाडाच्या मज्जेत डायटम, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म शेवाळ, सापडले तर जिवंतपणी बुडाल्याला बळकटी येते, तरी त्या तपासणीवर स्वतः न्यायवैद्यकातच मतभेद आहेत. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस देह पाण्यात राहिला की यातली बरीच लक्षणे पुसली जातात आणि मासे-खेकड्यांनी कुरतडलेली जखम आधीची की नंतरची हे ठरवणे अवघड होते. आणि समजा सगळी लक्षणे लखलखीत मिळाली, तरी ज्याला ढकलले तोही जिवंतपणीच बुडतो, ज्याला दारू पाजून काठावर सोडले तोही, आणि मागे लागलेल्या माणसांच्या भीतीने ज्याने अंधारात नदीत उडी घेतली तोही. श्वास कसा थांबला हे फुप्फुस सांगते. माणूस पाण्यापर्यंत कसा आला, हे काठ सांगतो. चपला कुठे होत्या, जोडीने होत्या की एक इकडे एक तिकडे, मोबाइल कोणाकडे सापडला, शेवटचे कोणी पाहिले, त्याला पोहता येत होते का, मुकादमाशी की मालकाशी काही वाद चालू होता का. शवविच्छेदनाच्या टेबलावर यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नसते.

एक शेततळे डोळ्यांसमोर आणा. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ साली आली आणि आमच्या वैजापूरसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्याला शेततळ्यांनी मोठा आधार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याचा उतार ओला झाला आणि त्यावर शेवाळाचा पातळ थर धरला की त्यावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा काठापर्यंत येतो आणि तिथून घसरत परत खाली जातो. कडेला दोर सोडलेला नसेल, कुंपण नसेल, तर नखांनी कागद खरवडण्यापलीकडे त्याच्या हातात काही उरत नाही. आता तिथे सालगडी म्हणून राहिलेला परजिल्ह्यातला किंवा सातपुड्यापलीकडून आलेला आदिवासी तरुण बुडाला आहे. शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीच्या पाळीला असते. मोटार पाणी उचलेना म्हणून फूटव्हॉल्व्ह बघायला त्याला रात्री दोन वाजता कोणी पाठवले का? दोर होता का? बॅटरी होती का? पंचनाम्यात ‘पाय घसरून पाण्यात पडल्याने’ असे लिहिले की हे सारे प्रश्न एका झटक्यात बाद होतात आणि त्यांच्याबरोबर मालकाची जबाबदारीही. पोलिसांना कोणाला वाचवायचे असते असे मी म्हणत नाही. पण ज्या प्रश्नाचे उत्तर गावातल्या वजनदार माणसाला अडचणीचे आहे तो प्रश्न, रोज त्याच गावात काम करणाऱ्या हवालदाराने एका अनोळखी मजुरासाठी विचारावा, अशी अपेक्षा आपण नुसत्या सद्भावनेच्या भरवशावर ठेवली आहे.

कायद्याची रचनाही या गृहिताला हातभार लावते. पूर्वीचे दंड प्रक्रिया संहितेतले कलम १७४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतले कलम १९४, यानुसार ठाणेदाराने अनैसर्गिक मृत्यूच्या जागी जायचे, शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पंचनामा करायचा आणि मृत्यूचे दिसून येणारे कारण नोंदवायचे. ‘दिसून येणारे’ या शब्दावर इथे सगळा भार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली पेद्दा नारायण प्रकरणात सांगून टाकले की या पंचनाम्याचा हेतू मर्यादित आहे. कोणी मारले, कोणत्या परिस्थितीत, हे तपशील त्याच्या कक्षेबाहेरचे. म्हणजे जो कागद आपण तपासाचा शेवट मानतो तो कायद्याच्या दृष्टीने तपासाचा उंबरठा आहे. आणि त्यातले पंच कोण? शेजारपाजारचे प्रतिष्ठित रहिवासी. गावातल्या माणसाच्या बाबतीत ही तरतूद शहाणपणाची आहे, कारण पंच त्याला ओळखतात. पालावरच्या माणसाच्या बाबतीत मात्र तीच उलटते. जून २०१८ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या चांडगावात दरोडेखोर असल्याच्या संशयावरून जमावाने केलेल्या मारहाणीत दोघांचा जीव गेला. महिनाही उलटला नाही तोच १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले गेले. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली ही माणसे होती. या दोन्ही घटनांत मारणारे हात शेजारपाजारच्या रहिवाशांचे होते. मी साऱ्या गावांना जमाव म्हणत नाही. परंतु ज्या परिसरात परका माणूस दिसला की आधी संशय जागा होतो, त्याच परिसरातले दोन जण त्याच्या मरणाचे एकमेव साक्षीदार असावेत, ही व्यवस्था त्या माणसाला न्याय देईल असे मानायला आधार काय?

‘हे लोक स्वतःच काही सांगत नाहीत,’ हा पुढचा आक्षेप. पाल उठवून रातोरात निघून जातात, शवविच्छेदन नको म्हणतात, जबाब बदलतात, भांडण जातपंचायतीत मिटवतात. मग पोलिसांनी करायचे काय? हे वर्णन पुष्कळदा खरे असते. पण ते का खरे आहे, याचे उत्तर दीडशे वर्षांचे आहे. १८७१ साली ब्रिटिशांनी दोन कायदे केले. एक कोरोनरचा, कलकत्ता आणि मुंबई शहरांतल्या संशयास्पद मरणांची स्वतंत्र चौकशी करणारा. दुसरा गुन्हेगार जमातींचा, जो पुढे १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि ज्याने जन्मलेल्या पोरालाही गुन्हेगार ठरवून हजेरीला उभे केले. राजधानीच्या शहरातले मरण चौकशीला पात्र होते, आणि फिरस्त्यांचे जगणे चौकशीला. वैजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. इथे कोरोनर कधीच बसला नाही, मुंबईतही ते पद १९९९ मध्ये गेले. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी घेतली आणि ठाण्यातली नजर फारशी बदलली नाही. आमच्या साहित्याने हे केव्हाच मांडले. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९९८ साली बारामतीत पोलिसांच्या ताब्यात एका पारधी माणसाचा मृत्यू झाला आणि ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. आणि अगदी अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावून सांगावे लागले की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होता कामा नये. ज्या दारात बाप, आजा आणि पणजा संशयित म्हणून उभे राहिले, त्या दारात माणूस फिर्यादी म्हणून मोकळेपणी बोलेल कसा? बेपत्ता भावाची तक्रार द्यायला गेल्यावर आधी त्याचीच झडती होणार असेल तर तो जाणारच नाही. त्याचे गप्प राहणे हे तपास थांबवण्याचे कारण नव्हे. उलट, चौकशी दुसऱ्या कोणीतरी करण्याची गरज त्या गप्प राहण्यातूनच सिद्ध होते.

या गप्प राहण्याला कागदावर एक रूप आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या शवागाराबाहेर, देह ताब्यात देण्याआधी, नातेवाइकाचा जबाब घेतला जातो. अंमलदाराच्या अक्षरात, पोलिसी मराठीत, त्याचा शेवट जवळजवळ ठरलेला असतो: मयताच्या मरणाबाबत आमचा कोणावरही संशय नाही व कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाली अंगठा. ज्याने अंगठा दिला त्याची भाषा कदाचित पारधी असेल, पावरी असेल, वडारी असेल. त्याला आत पडलेला देह न्यायचा आहे, गाडीवाला दोन तासांपासून ताटकळला आहे, आणि उद्या मुकादमासमोर परत उभे राहायचे आहे. अशा घडीला दिलेला अंगठा संमती म्हणून मोजता येत नाही. तरीही पुढे हाच जबाब अकस्मात मृत्यूच्या फाइलीत सर्वांत जड पुरावा ठरतो. घरच्यांनाच संशय नाही, तर आपण कोण?

मग कोरोनर परत आणावा का? असे म्हणणारे आहेत, आणि मी त्यांच्यात नाही. स्वतंत्र पद असले म्हणजे प्रश्न आपोआप विचारला जातो, असे इतिहास सांगत नाही. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मे १९६९ मध्ये एअर नदीतून डेव्हिड ओलुवाले या नायजेरियन माणसाचा देह निघाला. तो १९४९ साली लागोसहून आलेला, पुढे बेघर झालेला, आणि दोन पोलीस अधिकाऱ्यांच्या छळाचा धनी झालेला माणूस. तिथे कोरोनर होता, चौकशीही झाली, आणि निष्कर्ष निघाला: बुडालेला आढळला. पोलिसांच्या कागदांत राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात त्याच्या रंगावरून शिवी लिहिलेली होती. पुढच्या वर्षी एका कोवळ्या वयाच्या पोलीस कॅडेटने ठाण्यात ऐकलेली कुजबूज वरिष्ठांना सांगितली, स्कॉटलंड यार्ड आले, आणि १९७१ मध्ये ते दोन अधिकारी मारहाणीबद्दल तुरुंगात गेले. सदोष मनुष्यवधाचा आरोप मात्र टिकला नाही. पद होते, पण त्या पदासमोर मेलेल्याच्या बाजूने बोलणारे कोणी बसलेले नव्हते. म्हणून मी पदापेक्षा नातेवाइकांच्या हजेरीवर भर देतो.

आपल्याकडे ती हजेरी कायद्यात लिहिलेली आहे. सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार, पूर्वीच्या १७६ प्रमाणेच, अधिकार असलेला दंडाधिकारी पोलीस तपासाऐवजी किंवा त्याच्या जोडीने कोणत्याही अनैसर्गिक मृत्यूची स्वतः चौकशी करू शकतो. त्याला साक्षी नोंदवता येतात, पुरलेला देह उकरून तपासता येतो, आणि शक्य तिथे नातेवाइकांना कळवून चौकशीला हजर राहू देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. ठाण्याचा पंचनामा चोवीस तासांत त्याच्याकडे पोचला पाहिजे असेही नव्या संहितेने घातले आहे. आयुक्तालय असलेल्या शहरांत दंडाधिकाऱ्याचे बरेच अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच जातात; वैजापूरसारख्या ग्रामीण उपविभागात मात्र ते महसुली अधिकाऱ्याकडे आहेत, म्हणजे चौकशी करणारा आणि ठाणे चालवणारा वेगळा आहे. शिवाय याच कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखालीही अधिकार देता येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती होती, ती फिटली होती का, मजुराला टोळी सोडून जाऊ दिले जात होते का, हे त्याला एकाच बैठकीत विचारता येईल. ऊसतोड मजुराच्या मरणात हे प्रश्न बाजूचे नसतात.

यावर दोन गंभीर हरकती उरतात. पहिली, तहसील आणि प्रांत कार्यालये आधीच कामाने वाकलेली आहेत. प्रत्येक बुडण्याची चौकशी कशी होणार? प्रत्येक नको. गावचा पोर विहिरीत पोहताना दहा जणांसमोर बुडाला तर पंचनामा पुरेसा आहे. मेलेला माणूस त्या तालुक्यातला नाही, बुडताना पाहणारा कोणी नाही, आणि मरणाआधी तो पोलीस, मालक, मुकादम किंवा जमाव यांच्यापैकी कोणाच्या तरी धाकात असल्याचे एकाही माणसाचे म्हणणे आहे, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या तर चौकशी व्हावी. एका उपविभागात वर्षाला अशी प्रकरणे डोक्यावर ओझे होण्याइतकी नसतील. दुसरी हरकत जास्त खोल आहे: दंडाधिकाऱ्याच्या अहवालाला दात कुठे आहेत? परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये वडार समाजातला एक विधी शाखेचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला. आधी आजारपणाचे कारण पुढे आले, शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण निघाले, दंडाधिकाऱ्याच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला, आणि तरीही गुन्हा नोंदवून घ्यायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाचा आदेश लागला. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. अहवालानंतर काय करायचे याबाबत कायद्यात पोकळी आहे, हे खरेच. पण तो अहवाल नसता तर त्या विद्यार्थ्याच्या आईच्या हातात खंडपीठासमोर मांडायला काय होते? पोकळी भरून काढावी लागेल. तोवर अहवालच नको, असा अर्थ तिच्यातून निघत नाही.

पोलिसांचे मनोधैर्य खचेल, अशीही एक ओरड होते. दौंडकडे परत वळून पाहा. तिथे पोलिसांवर आरोप नव्हता. तिथे पोलिसांच्या म्हणण्यानुसारच एका बापाला आपल्या मुलाचे मरण अपघात होते हे पटले नव्हते, आणि न पटलेले मरण त्याने डोक्यात घेऊन ठेवले. ते मरण कसे झाले हे त्याला कोणी तिऱ्हाइताने समोर बसवून, कागद वाचून, त्याच्या शंका नोंदवून सांगितले असते तर सात जीव वाचले असते असा दावा मी करत नाही. पण पटण्याची एकही वाट आपण ठेवलेली नाही, एवढे म्हणण्याचा हक्क त्या सात देहांनी दिला आहे. स्वतंत्र चौकशीने निर्दोष ठरलेला हवालदार आणि निर्दोष ठरलेला शेतमालक यांनाही तिचा उपयोग आहे. आज त्यांच्यावरचा संशय पालांवर पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो आणि तो खोडणारा कागद कुठेच नसतो.

राहता राहिली हद्दीची आणि वेळेची अडचण. वैजापूरच्या दक्षिणेला गोदावरी आहे. पलीकडचा काठ अहिल्यानगर जिल्ह्याचा. बेपत्ता झाल्याची नोंद एका काठावरच्या ठाण्यात आणि देह दुसऱ्या काठावर, असे झाले की तो देह बेवारस म्हणून मातीआड होऊ शकतो आणि त्याच्या घरचे महिनोन्‌महिने ठाण्याचे उंबरे झिजवत राहतात. दोन्ही जिल्ह्यांच्या ठाण्यांनी बेपत्ता आणि अनोळखी देहांच्या नोंदी दर आठवड्याला एकमेकांशी ताडून पाहायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. आणि चौकशी ऊसतोडीचा हंगाम सरायच्या आत बसली पाहिजे. गाळप संपले, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बिऱ्हाडे चढली, की ज्याने त्या रात्री आरोळी ऐकली तो माणूस, ज्या बाईने सकाळी चपला पाहिल्या ती बाई, सारे आपापल्या तांड्यांवर पांगतात. मग काढलेली नोटीस मुकादमाच्या पत्त्यावर जाते, आणि तिथून ती पुढे पोचत नाही.